हापूसच्या हंगामात कष्टाला हिशेबापासून लांब कसं ठेवायचं

वाशीच्या बाजारातून पट्टी (दलालाने पाठवलेला विक्रीचा हिशेब) येते तोवर बागायतदाराचे चार-पाच महिने मोहोरामागे गेलेले असतात: फवारण्या, राखण, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) काढणी. त्यामुळे चांगला भाव जास्तच गोड लागतो आणि पडलेला भाव जिव्हारी लागतो. हा नुसता हळवेपणा नाही. निकाल कळल्यावर साधारण पाव सेकंदात मेंदूत उमटणारा विद्युत संकेत डोक्याला इलेक्ट्रोड लावून मोजता येतो. मिळालं की गमावलं यानुसार तो बदलतो, आणि आधी कष्ट जास्त झाले असतील तर हा फरक वाढतो, असं काही प्रयोगांत दिसलं आहे. गंमत अशी, की कष्ट करण्यापूर्वी हाच मेंदू त्यांना खर्च समजून टाळाटाळ करत असतो.

म्हणून आकडे मोहोर फुटतानाच, अंगाला घाम लागण्याआधी वहीत लिहा. पेटीचा अपेक्षित भाव एक, आणि ज्याच्या खाली माल वाशीला न पाठवता कॅनिंगला (आमरस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला) किलोवर द्यायचा तो भाव दुसरा. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या पेशी रकमेला नव्हे, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाला प्रतिसाद देतात. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. अपेक्षा लिहिलेली नसली, की झाडावर फळ दिसू लागताच ती गुपचूप वर सरकते आणि ठीकठाक भावही तोटा वाटतो.

खरी चूक होते ती जादा फवारणीत. समजा औषध, मजुरी आणि पंपाचं इंधन मिळून 6,000 रुपये लागणार. वाचणार 3 पेट्या. काढणी, खोका, भाडं, दलाली वजा जाता पेटीमागे 1,500, म्हणजे 4,500. ही फवारणी करू नका. ‘आधी 40,000 घातलेत, ते वाया जातील’ हा विचार इथे शिरतोच, पण ते पैसे फवारलं तरी परत येत नाहीत. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी नाटकाची हंगामी तिकिटं काहींना पूर्ण किमतीला, काहींना सवलतीत दिली. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेले जास्त नाटकांना आले. नाटकं मात्र सगळ्यांना तीच होती.

प्रतवारीला काढणी करणारा माणूस बसवू नका, त्याला डागी फळही चालेलसं वाटतं. दुसरं कुणी नसेल तर निदान आकाराचा निवाडा वजनकाट्यावर सोडा.

पट्टी वाईट आली तर त्या संध्याकाळी दलालाला फोन नको, आणि बाग खंडाने देण्याचा विषय तर नकोच. तीन पट्ट्यांची सरासरी काढा, मग बोला. वहीत दोन रकाने पाडा: ‘हातचं’ आणि ‘हवेचं’. उशिरा केलेली फवारणी पहिल्यात, वळवाने पाडलेलं फळ दुसऱ्यात. पुढच्या डिसेंबरात फक्त पहिला रकाना वाचून वेळापत्रक बदला.