पळताना पाय पुढे फेकताय? मग स्वतःलाच ब्रेक लावताय

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी सहाला जरा कठड्यावर टेका आणि लोकांचे नुसते पाय बघा. किती जण धप धप आवाज करत पळतात! मीपण त्यातलाच होतो, गुडघा दुखायला लागला तर आधी दोनदा बूट बदलले, महागातले, आणि गडबड बुटात नव्हतीच.

आपण जमीन जितक्या जोरात दाबतो तितक्याच जोरात ती आपल्याला उलट ढकलते, न्यूटनचा तिसरा नियम, शाळेत घोकलेला. पळताना हे बळ दर पावलाला वजनाच्या साधारण २ ते ३ पट जातं, म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या एका पायावर १४० ते २१० किलोचा भार. आता पाय शरीराच्या बराच पुढे आणि गुडघा ताठ ठेवून पडला ना, की हे बळ नुसतं वर न येता मागेही ढकलतं. दर पावलाला ब्रेक, मग पुन्हा ॲक्सिलरेटर, रविवार कारंजाच्या ट्रॅफिकमधली रिक्षाच जणू. भारी धावपटूंचीही ढांग लांब असते पण ती मागे रेटा देऊन येते, पाय पुढे फेकून नाही.

तुमचं काय होतंय ते बघायला मित्राला बाजूने स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा, मोबाईल कमरेच्या उंचीवर धरून. पाय टेकतो तिथे पॉज करा. पाऊल गुडघ्याच्या बरोबर खाली, नडगी उभी, तर छान. पाऊल गुडघ्याच्याही पुढे गेलेलं दिसलं तर मेख तिथेच आहे.

उपाय फुकटचा आहे. उजवा पाय ३० सेकंदात किती वेळा टेकतो ते मोजा, त्याला ४ ने गुणा, झाली मिनिटाची पावलं. १६० आली तर १६८ करून बघा, ५ टक्केच, ठरावीक ठेक्यात टिकटिक करणारं मेट्रोनोमचं ॲप लावून. पण वेग तोच ठेवायचा हं, म्हणजे ढांग आपोआप आखूड होते आणि पाय शरीराजवळ पडतो. इथेच सगळे चुकतात, पावलं वाढवली की पळत सुटतात. आणि ते मिनिटाला १८० पावलंच हवीत हे खूळ डोक्यातून काढा, तो आकडा १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधल्या धावपटूंची पावलं मोजून आलाय, आपण कुठे त्या वेगात पळतो. मुद्दाम चवड्यावर पळायचा हट्टही नको, गुडघ्याचा भार कमी होतो तसा पोटरीवर आणि टाचेच्या शिरेवर वाढतो.

पांडवलेणीच्या पायऱ्या करत असाल तर चढताना कमरेत वाकू नका, घोट्यातून थोडं पुढे झुका. खरा घोळ उतरताना होतो. तेव्हा मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, म्हणून दम चढताना लागतो आणि दुसऱ्या दिवशी दुखतं ते उतरल्यामुळे. दोन पायऱ्या एकदम उडी मारणाऱ्या पोरांनी तर हिशोबच करावा: ३० सेंटीमीटरवरून पडलेलं शरीर ३ सेंटीमीटरमध्ये थांबलं तर सरासरी बळ वजनाच्या ११ पट, गुडघे वाकवून १५ सेंटीमीटरमध्ये थांबवलं तर फक्त ३ पट. कॅच घेताना हात मागे नेतो, तेच हे. त्यामुळे उतरताना पावलं छोटी, गुडघे सैल, आणि पावसाळ्यात एकेकच पायरी, शेवाळावर घर्षण जवळपास नसतंच, तिथे न्यूटनही काही करू शकत नाही.