नवीन बांधकामं शोधताना या चुका टाळा

काम मिळत नाही म्हणणाऱ्या छोट्या ठेकेदाराचा मोबाइल बघितला, तर त्यात कामांचा नुसता पाऊस पडत असतो. चार व्हॉट्सॲप ग्रुप, वर्षाची फी भरून घेतलेलं एखादं अलर्ट पोर्टल, शिवाय पेपरातल्या जाहिरातींचे फोटो. माहितीला तोटा नसतो. पण ते काम आज कुठल्या टप्प्यावर आहे आणि त्या टप्प्यावर आपल्यासारख्याची गरज नेमकी कुणाला आहे, हे फारसं कुणी बघत नाही. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

टेंडर निघाल्यावर जागं होणं

सरकारी काम निविदा सूचनेच्या कितीतरी आधी कागदावर आलेलं असतं. अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि मग निविदा, असा त्याचा प्रवास. मोठ्या कामांना प्रशासकीय मान्यता देणारे शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार आणि तारखेनुसार फुकट बघता येतात. इमारत कोणती, तालुका कोणता, रक्कम किती, सगळं त्यात असतं. निविदा निघेपर्यंत हातात बहुधा काही महिने मिळतात. तेवढ्यात जागा बघून येता येते, खडी-वाळू कुठून आणायची ते ठरवता येतं. अल्पमुदतीच्या निविदेत हे सगळं आठवड्याभरात उरकायचं म्हटलं, की दर अंदाजाने भरला जातो.

त्याच वेळी लेखाशीर्षही बघा, म्हणजे पैसे कुठल्या सरकारी हिशेबातून येणार तो क्रमांक. 5054 म्हणजे रस्ते-पुलांचा भांडवली खर्च, 4059 म्हणजे सरकारी इमारतींचा, आणि गावोगावी ज्याच्या नावाने चर्चा चालते तो 2515 ग्रामविकासाचा. काम चांगलं आणि निधी तोकडा असेल, तर बिल कुठे अडकतं हे सांगायला नको. थकीत बिलांसाठी 2025 मध्ये राज्यातल्या ठेकेदारांना आंदोलनं करावी लागली होती. आचारसंहितेच्या तोंडावर आणि मार्चअखेरीस निविदांचा जो पूर येतो, त्यात तर हे जास्तच तपासा. सूचना निघाली याचा अर्थ पैसे आले असा होत नाही.

सर्चच्या चौकटीवर विसंबणं

महाटेंडर्स या राज्य शासनाच्या निविदा पोर्टलवर ‘कन्स्ट्रक्शन’ टाकून शोधलं आणि आपल्या तालुक्यात काहीच नाही असं समजून बंद केलं, हे रोजचं दृश्य आहे. कामाचं नाव टाइप करणारा टेंडर क्लार्क ‘कन्स्ट्रक्शन ऑफ’ लिहीलच असं नाही. तो ‘कॉन्स्ट.’ लिहितो, ‘सी/ओ’ लिहितो, दुरुस्तीचं काम असेल तर ‘इम्प. टू’ किंवा ‘स्पे. रिपेअर्स’. गावांच्या इंग्रजी स्पेलिंगचे हाल तर विचारूच नका. हातकणंगले निदान तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल. म्हणून शब्दावर न जाता कार्यालयावरून शोधा: आपल्या जिल्ह्याचा बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, नगरपालिका, विद्यापीठ. एकेका कार्यालयाची यादी उघडून वाचायला चहा पिण्याइतकाच वेळ लागतो. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी केंद्रीय खरेदी पोर्टल वेगळं आहे, ते विसरू नका.

फी घेणारी पोर्टलं बहुतेक हीच फुकट माहिती चाळून देतात. चाळणी नीट असेल तर पैसे वसूल होतात. सगळ्या महाराष्ट्राचं रोज ढिगाने पाठवणारं असेल तर बंद करा.

पात्रतेची अट शेवटी वाचणं

निविदा फॉर्मची फी भरली, दर काढले, आणि मग कळतं की आपण बसतच नाही. आधी दोन गोष्टी बघाव्यात. पहिली म्हणजे सारखं काम. अनेक निविदांत अशी अट असते: अंदाजित रकमेच्या 40 टक्क्यांची तीन, किंवा 60 टक्क्यांची दोन, किंवा 80 टक्क्यांचं एक काम पूर्ण केलेलं असावं. एक कोटीच्या इमारतीसाठी 80 लाखांचं एक प्रमाणपत्र चालेल, पण ते रस्त्याचं असेल तर ते सारखं काम ठरत नाही. खासगी बंगल्याचा अनुभव दाखवायचा असेल तर बहुतेक ठिकाणी टीडीएसचा, म्हणजे पैसे देताना कापलेल्या कराचा पुरावा मागतात. रोखीत झालेली कामं इथे शून्य.

दुसरी गोष्ट बिड कपॅसिटीची, म्हणजे आणखी किती रकमेचं काम घेता येईल याची, आणि मोठ्या कामांत जास्त लोक इथेच पडतात. सूत्र सहसा असं असतं: अ गुणिले न गुणिले 2, वजा ब. अ म्हणजे गेल्या पाच वर्षांतली सर्वांत मोठी वार्षिक उलाढाल, न म्हणजे कामाची मुदत वर्षांत, ब म्हणजे हातातल्या कामांपैकी त्या मुदतीत करायचा भाग. समजा उलाढाल 90 लाख आणि मुदत एक वर्ष, तर 180 लाख झाले. हातात 130 लाखांची कामं शिल्लक असतील तर उरले 50. आता 60 लाखांची शाळा कितीही हवीहवीशी वाटली तरी ती तुमची नाही. हातातली कामं लपवून आकडा फुगवला तर स्पर्धकाची तक्रार आलीच म्हणून समजा. जिल्ह्यात कुणाकडे काय चालू आहे हे सगळ्यांना माहीत असतं.

अपलोड करताना अडकणं

दोन वाजता मुदत संपते आणि दीड वाजता बसलं, की हे हमखास घडतं. घड्याळ पोर्टलच्या सर्व्हरचं धरलं जातं, तुमच्या मनगटावरचं नाही. काही नेहमीचे अडथळे:

बीओक्यूची, म्हणजे कामाच्या बाबी आणि दरांच्या तक्त्याची एक्सेल फाइल घेतली जात नसेल, तर आधी तिचं नाव बघा. उतरवताना जे होतं तेच ठेवावं लागतं. ‘फायनल’, ‘फायनल2’ जोडलं की पोर्टल ती नाकारतं. मॅक्रो बंद असतील तर बेरीज उमटत नाही. शुद्धिपत्रकासोबत नवीन बीओक्यू आली असेल तर जुनी भरलेली कामाची नाही, म्हणून भरायच्या दिवशी शुद्धिपत्रक पुन्हा बघायचंच.

इसारा रक्कम एनईएफटी किंवा आरटीजीएसने भरली तर ती पोर्टलवर लागायला एक दिवसही जाऊ शकतो. बँकेची पावती हातात असून उपयोग नाही.

सगळं चढवलं, पण शेवटचं ‘फ्रीज बिड’ दाबलं नाही, तर निविदा दाखल झालेलीच नसते. दर बदलायचा असेल तर मुदतीच्या आत पुन्हा सादर करता येतं. पण मागे घेण्याचा पर्याय वापरलात तर त्या कामात पुन्हा भरता येत नाही. आणि डिजिटल सहीच्या टोकनची मुदत! ती नेमकी भरायच्या आठवड्यात संपते. बीओक्यूतला दर जीएसटीसह आहे की वेगळा, तेही वाचा; सरकारी बांधकामांवरचा 12 टक्के कर 18 जुलै 2022 पासून 18 झाला, आणि जुन्या फाइलवरून दर उचलणारे अजूनही त्यात फसतात.

खासगी काम: चुकीच्या माणसाला, चुकीच्या महिन्यात फोन

खासगी बांधकामांचं सगळ्यात चांगलं फुकट पान महारेराचं, म्हणजे विक्रीच्या प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं आहे. 500 चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड आणि आठपेक्षा जास्त सदनिका असलेल्या विक्रीच्या प्रकल्पाला नोंदणी करावी लागते. तिथे बिल्डरसोबत आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं नाव असतं, बांधकाम परवानगी जोडलेली असते. लोक नेमके बिल्डरच्या सेल्स ऑफिसला फोन लावतात. तिथली मुलगी फ्लॅट विकायला बसलेली असते. तिला तुमच्या शटरिंगचं काय?

महारेराच्याच पानावरच्या आर्किटेक्टच्या प्रमाणपत्रात खोदाई, प्लिंथ, स्लॅब, भिंती, आतलं प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या, अशा एकेका बाबीपुढे टक्के लिहिलेले असतात. हा तक्ता नीट वाचा. खोदाई 100, प्लिंथ 60, स्लॅब शून्य असेल तर आरसीसीचा ठेका बहुधा दिला गेला आहे. पण अॅल्युमिनियम खिडक्या, वॉटरप्रूफिंग आणि जिप्सम प्लास्टरवाल्यांनी आता भेटावं. स्लॅब 80 झाल्यावर खिडक्यांचं कोटेशन घेऊन जाणारा उशिरा पोचतो. आरसीसीवाल्याने याच्याही मागे जावं. 20 हजार चौरस मीटर आणि त्याहून जास्त बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते, आणि ते अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर खोदाईच्या खूप आधी दिसतात.

सोसायट्यांच्या पुनर्विकासात उलट चूक होते, लोक फार लवकर जातात. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालच्या निर्देशांनुसार सोसायटी आधी प्रकल्प सल्लागार नेमते, मग निविदा मागवून विकासक निवडते. पेपरात जाहीर सूचना दिसली की चेअरमनकाकांच्या दारात प्रति चौरस फूट दर घेऊन जाणाऱ्यांना तिथे फक्त चहा मिळतो. तुमचा ग्राहक तो विकासक, आणि तो अजून ठरायचा आहे. सल्लागाराच्या ऑफिसात ओळख करून ठेवा, पुढे कोण आला ते तिथे कळेल.

पैसे आधी मागणारं लीड

मोठ्या कंपनीच्या लेटरहेडवर उपठेका, आणि आधी ‘सिक्युरिटी’ एखाद्या व्यक्तीच्या खात्यात. हे काम नसतंच. पैसे भरण्याआधी त्या प्रकल्पाच्या साइट ऑफिसला स्वतः जाऊन विचारा.

हरलेली निविदा बंद करून टाकणं

लिफाफा क्रमांक 2, म्हणजे दरांचा लिफाफा उघडल्यावर सगळ्यांचे दर पोर्टलवर दिसतात. ते उतरवून ठेवा: कार्यालय, कामाचा प्रकार, कोण किती टक्के कमी गेलं. वर्षभरात तुमच्या तालुक्याचा भाव तुम्हाला कुठल्याही सल्लागारापेक्षा चांगला कळेल. आणि ज्याला कार्यारंभ आदेश मिळाला, तो तुमचं पुढचं लीड. फार खाली दर भरून त्याने जादा अनामत भरलेली असेल, तर त्याला स्वस्त आणि वेळेत काम करणारा माणूस तातडीने हवा असतो. त्याच्याकडून उपकाम घेताना मात्र दर, मोजमाप पुस्तकातल्या नोंदीनंतर किती दिवसांत पैसे आणि अनामतीची कपात किती, हे लेखी घ्या. त्याचं बिल कार्यालयात अडकलं तर तुमचं काय, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.