शेत खंडाने देताय? मग या चुका टाळा

नोकरीच्या गावी राहून गावाकडचं रान कसणं जमत नाही, म्हणून ते खंडाने (ठरलेल्या भाड्याने) किंवा बटाईने (पिकाच्या वाट्याने) दिलं जातं, विदर्भात मक्त्याने. व्यवहार पाडव्याच्या आगेमागे तोंडी ठरतो आणि बरीच वर्षं सुरळीत चालतोही. कागद न करण्यामागे एकच धास्ती असते: कूळ लागेल, म्हणजे कसणारा कायद्याने जमिनीवर हक्क सांगेल. त्या धास्तीपोटी मालक सगळीकडे स्वतःच शेती करतोय असं दाखवत राहतो. पुढचा बहुतेक घोळ, कराचा धरून, इथूनच सुरू होतो.

कागद नाही म्हणजे कूळ नाही, हा समज

धास्ती खोटी नाही. पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेशात लागू असलेल्या 1948 च्या कूळ कायद्याचं कलम 4 सांगतं की दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस मालकाच्या घरचा नसेल आणि मजुरीवरचाही नसेल, तर तो कूळ मानला जातो. 1 एप्रिल 1957 नंतर लागलेल्या कुळालाही कलम 32-ओ खाली वर्षाच्या आत जमीन विकत मागता येते. पण यात 'करार लेखी असेल तरच' अशी अट कुठेही नाही. वाद झाला की पीक पाहणी (सरकारदरबारची पिकाची नोंद), खंडाच्या पावत्या आणि शेजारच्या बांधावरच्या माणसांचे जबाब पाहिले जातात. कागद नसला तर मालकाच्याच हातात दाखवायला काही उरत नाही.

निम्म्या वाट्याने दिलं की आपण सुटलो, असंही अनेकांना वाटतं. कायद्यातला मजुरीचा अपवाद रोख किंवा वस्तूरूपी मजुरीला आहे. पिकाच्या वाट्याला तो स्पष्ट शब्दांत नाकारला आहे. कागदावर 'सालगडी' आणि प्रत्यक्षात अर्धेली, ही चलाखी त्यामुळे टिकत नाही. विधवा, अज्ञान (अल्पवयीन), अपंग आणि सैन्यात नोकरीवर असलेले जमीनमालक यांना कायद्याने सवलती दिल्या आहेत. विदर्भ आणि मराठवाड्याचे कूळ कायदे वेगळे आहेत. म्हणून महसुली दावे चालवणारा आपल्याच तालुक्यातला वकील गाठा. मुद्रांक विक्रेत्याकडचा छापील अकरा महिन्यांचा नमुना घराच्या भाड्यासाठी बनवलेला असतो, त्यात रंगरंगोटीचं कलमसुद्धा निघतं! शिवाय अकरा महिने लिहिलं म्हणून नोंदणी टळतेच असं नाही. खंड वार्षिक ठरला असेल तर नोंदणी कायद्याप्रमाणे भाडेपट्टा नोंदवावाच लागतो.

जमीन घेणारा स्वतः शेतकरी आहे का, हेही आधी बघा. 1948 च्या कायद्याच्या कलम 63 नुसार बिगरशेतकऱ्याला शेतजमीन नुसती भाड्याने द्यायची तरी परवानगी लागते. शहरातून हौसेने शेती करायला येणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास विसरलं जातं.

'शेतीचं उत्पन्न करमुक्त, मग दाखवायचं कशाला?'

भारतातली जमीन शेतीसाठीच वापरली जात असेल, तर तिचा खंड हे आयकराच्या भाषेत शेती उत्पन्नच आहे आणि त्यावर कर नाही. वाट्याला आलेलं धान्य विकून मिळालेले पैसेही त्यातच धरले जातात. इथपर्यंत लोकांना ठाऊक असतं. निव्वळ शेती उत्पन्न 5,000 रुपयांच्या वर गेलं आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर दर ठरवताना शेती उत्पन्न मिळवून हिशोब होतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

2025-26 या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीचा आकडा घेऊ. वजावटीनंतर पगाराचं उत्पन्न 14 लाख आणि खंड 2 लाख. नुसत्या 14 लाखांवर कर 90,000. पण हिशोब असा होतो: 14 अधिक 2, म्हणजे 16 लाखांवर 1,20,000. त्यातून करमुक्त मर्यादा 4 लाख अधिक खंड 2 लाख, अशा 6 लाखांवरचा 10,000 वजा. उरले 1,10,000. करमुक्त खंडामुळे 20,000 रुपये आणि वर 4 टक्के उपकर वाढला. ज्याचं बाकी उत्पन्न 12 लाखांच्या आत आहे, त्याला करसवलतीमुळे याची झळ सहसा बसत नाही. तरी विवरणपत्रात आकडा दाखवायचाच, आणि 5,000 च्या वर शेती उत्पन्न असेल तर आयटीआर-1 हा फॉर्म चालत नाही. पगारदाराला आयटीआर-2 भरावा लागतो.

जाता जाता, आयकर भरणारा माणूस पीएम-किसानला पात्र नाही. सातबारा नावावर आहे म्हणून हप्ते घेत राहिलात, तर वसुली निघते.

दुसऱ्याच्या उसाचं बिल आपल्या खात्यात

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भानगड हीच. उसाची नोंद सातबारा बघून होते, म्हणून कारखान्याला ऊस जातो मालकाच्या नावाने. समजा बिल 6 लाखांचं आणि ठरलेला खंड दीड लाखाचा. सहाच्या सहा लाख मालकाच्या खात्यात येतात, तो साडेचार लाख रोख काढतो आणि कसणाऱ्याच्या हातावर ठेवतो. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर सोयाबीन घातलं तरी हीच गत.

आता मालकाचं उत्पन्न किती? खरं तर दीड लाख. पण खातं सांगतं सहा लाख, आणि उरलेले पैसे कुणाचे याचा चिटोराही नाही. सगळे सहा लाख आपले म्हणून दाखवले तर दराच्या हिशोबात भुर्दंड बसतोच. शिवाय शेती उत्पन्न 5 लाखांवर गेल्यामुळे जमिनीचा जिल्हा, क्षेत्र, ती स्वतःची की भाड्याची, बागायती की जिरायती, असा सगळा तपशील भरावा लागतो. रोखीचं दुखणं आणखी वेगळं आहे. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे इथे बिचाऱ्या कसणाऱ्याला होऊ शकतो. साडेचार लाख बँकेतून द्या, आणि पिकाचे पैसे मालकाच्या खात्यातून जातील हे करारातच लिहा. अतिवृष्टीचं अनुदान आणि पीक विमा कुणाचा, हेही तिथेच लिहून टाका. नुकसान एकाचं आणि भरपाई दुसऱ्याला, यावरून भाऊबंदकीइतके जुने वाद गावोगाव आहेत.

सोलर आणि टॉवरचं भाडं खंडात मिळवणं

मोबाइल टॉवर, वीटभट्टी, सौर प्रकल्प यांचं भाडं शेती उत्पन्न नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये भाडं आणि दरवर्षी 3 टक्के वाढ मिळते. रक्कम चांगली आहे, पण ती करपात्र आहे.

विक्रीआधी खंडाने दिलेली जमीन

गावाकडची लांबची शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही. पण लोकसंख्या 10 हजार ते 1 लाख असलेल्या नगरपालिकेपासून 2 किलोमीटर, 10 लाखांपर्यंत 6 आणि त्यापुढे 8 किलोमीटरच्या आत, तेही सरळ रेषेत मोजून, जमीन असेल तर कर लागतो. तो वाचवायला दुसरी शेती घेण्याची सोय आयकर कायद्यात आहे (1961 च्या कायद्यात कलम 54ब). अट अशी की विक्रीच्या लगतची दोन वर्षं त्या जमिनीवर स्वतः मालकाने किंवा त्याच्या आईवडिलांनी शेती केलेली असावी. खंडाने दिलेलं रान या अटीत बसवणं अवघड जातं. शहरालगतची जमीन विकायचा विचार असेल, तर दोन हंगाम नव्हे, पुरती दोन वर्षं आधी ती परत घ्या, बी-खतांच्या पावत्या आपल्या नावाच्या ठेवा आणि ई-पीक पाहणी स्वतः करा.