मैदानावर पडलेला केवडा

सोलापूर जिल्ह्यातील एका क्रिकेट मैदानाच्या आउटफिल्डची, म्हणजे खेळपट्टीभोवतीच्या गवताळ भागाची, जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा मी या कामात अगदीच नवीन होतो. तिथे माझ्या हातून झालेली एक चूक आजही मनाला लागून राहिली आहे, म्हणून या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी ती सविस्तर लिहीत आहे. नत्र, स्फुरद, पालाश म्हणजे काय आणि हरळी किती उंचीवर कापायची, हे आपणांस ठाऊक आहे असे मी गृहीत धरतो.

मार्चमध्ये स्पर्धा होती आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून गवत पिवळे पडू लागले होते. पिवळे गवत म्हणजे नत्राची कमतरता, असे मला सांगण्यात आले आणि मीही ते पडताळून पाहिले नाही. मैदान सुमारे 12,500 चौरस मीटरचे होते. दर चौरस मीटरला 5 ग्रॅम नत्र धरले तर 62.5 किलो नत्र लागते आणि युरियात 46 टक्के नत्र असल्याने 45 किलोची साधारण तीन पोती पुरतात. हा हिशेब बरोबर होता. गवत वाढलेही, पण ते पिवळेच वाढले. दहा दिवसांनी मी पुन्हा तेवढाच युरिया टाकला. कापणी आठवड्यातून दोनऐवजी तीन वेळा करावी लागू लागली आणि पिवळेपणा आणखी पसरला.

आमच्याकडे रोलर चालवणारे एक मामा होते, त्यांचा स्वतःचा उसाचा मळा होता. एका सकाळी ते सीमारेषेजवळ गुडघ्यांवर बसले, हरळीचा एक धुमारा मुळासकट उपटून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, हा केवडा आहे. आमच्या उसाला पडतो तोच." केवडा म्हणजे लोहाच्या कमतरतेने येणारा पिवळेपणा. मी निरखून पाहिले. शेंड्याकडची कोवळी पाने फिकट पिवळी होती, त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दोऱ्यांसारख्या दिसत होत्या, आणि बुडाची जुनी पाने मात्र हिरवीगार होती.

हाच फरक नीट ध्यानात ठेवावा, कारण मी नेमका इथेच चुकलो. नत्र कमी पडले की गवत जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांना पुरवते, त्यामुळे पिवळेपणा बुडापासून सुरू होतो. लोह असे जुन्या पानांतून सहज हलत नाही, म्हणून त्याची कमतरता आधी कोवळ्या पानांत दिसते. आमच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीचा सामू (पीएच) 8.4 निघाला, अशा मातीत लोह असते, पण ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही, आणि बोअरच्या पाण्यातील बायकार्बोनेट ही अडचण वाढवतात. त्यात मी युरियाने वाढ पळवली. जेवढे थोडे लोह मिळत होते ते अधिक पानांत विभागले गेले आणि त्यातलेही बरेचसे कापणीबरोबर मैदानाबाहेर गेले.

उपाय महाग नाही. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी पानांवर बारीक फवारावे आणि गरजेनुसार दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करावे. हिराकस अशा जमिनीत नुसते फेकल्यास ते लवकरच निरुपयोगी होते. सिमेंटच्या पायऱ्यांवर फवारा उडू देऊ नये, गंजाचे डाग जात नाहीत. आमच्या मैदानाचा रंग पाच दिवसांत सुधारू लागला. तुमच्याकडेही असे झाले असेल तर घाबरून जाऊ नका, हरळी अतिशय चिवट असते आणि सावरते.

युरियाबद्दल मात्र स्पष्टच सांगतो. दव असलेल्या पानांवर तो टाकू नका. दाणे चिकटून विरघळतात आणि पाने करपतात. पाने कोरडी असताना अर्धी मात्रा उभी व अर्धी आडवी पसरावी आणि लगेच पाणी द्यावे, नाहीतर अशा मातीत बरेच नत्र अमोनिया होऊन हवेत उडते. 'सामन्याआधी एक जोरदार हप्ता द्या' असा सल्ला देणाऱ्यांपासून दूर राहा. जो गुरू गुडघे टेकून पान पाहत नाही, त्याचे खतांचे वेळापत्रक कितीही सुबक असले तरी माझा त्यावर विश्वास नाही. माती परीक्षण कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत होते. सामू आणि मुक्त चुना हे दोन आकडे मागून घ्यावेत.

अहवाल येईपर्यंत एक चाचणी स्वतः करता येते. कोपऱ्यात 1 चौरस मीटरचे तीन चौकोन आखावेत. एकावर 11 ग्रॅम युरिया टाकून पाणी द्यावे, दुसऱ्यावर हिराकस फवारावे, तिसरा तसाच ठेवावा आणि आठवडाभर रोज सकाळी कोवळे पान हातात घेऊन तिन्हींची तुलना करावी. युरियाच्या चौकोनात वाढ दिसली पण रंग आला नाही, तर उरलेली पोती गोदामातच राहू द्यावीत.