पलंगावरच्या माणसाची लघवी-संडास: घरी कसं सांभाळायचं

बाबा पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ऐन जुलैच्या पावसात ते फोंड्याच्या घरी पलंगावर आले. मी नर्स, बावीस वर्षं वॉर्डात काढलीत, म्हटलं घरी काय कठीण आहे. तिसऱ्या दिवशी बघते तर चोवीस तासांत लघवी जेमतेम 450 एमएल, रंग कोऱ्या चहासारखा. पाणी तर मी भरभरून देत होते! मग सापडलं की पलंग खिडकीला लागून, आणि बाबा तांब्यातलं पाणी हळूच बाहेर अबोलीच्या कुंडीत ओतत होते, पावसात कुंडी ओलीच असते, कळणार कोणाला. विचारलं तर म्हणाले, "पोरीला कितीदा पॉट धरायला लावू गो?"

म्हणून पहिलं सांगते ते हेच, पेशंट लाजेने पाणी तोडतो. पाणी कमी झालं की लघवीला जळजळ, इन्फेक्शन, संडास खडा, आणि म्हाताऱ्या माणसाची तर डोक्याची गडबड पण सुरू होते. तेव्हा त्याने मागायची वाट बघायची नाही, आपणच दर दोन-तीन तासांनी, जेवणानंतर आणि झोपायच्या आधी पॉट नेऊन द्यायचा. हाक मारायला लाज वाटते म्हणून हातात काहीतरी वाजवायला द्या. मी देवघरातली घंटा मागितली तर आई अशी बघितली की विचारू नका, मग स्टीलची वाटी आणि चमचा दिला, चाललं. आणि बघायला आलेली पाहुणे मंडळी खोलीतून बाहेर, दार लावून. चतुर्थीला आलेला माणूस पलंगाशेजारी बसून गप्पा हाणतोय आणि आत पेशंट दाबून धरतोय, हे मी किती घरांत बघितलंय.

मोजमाप ठेवा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 800 ते 2000 एमएल लघवी होते, 400 च्या खाली गेली तर डॉक्टरला सांगायचंच. पेज, सोलकढी, चहा, ताक सगळं पाण्यातच धरा, उकड्या तांदळाची पातळ पेज तर आमच्याकडे अर्धं काम करते. डायपर असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ओला डायपर ठेवा, कोऱ्याचं वजन वजा करा, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक एमएल. हार्ट नाहीतर किडनीचा पेशंट असेल तर पाणी किती ते डॉक्टर ठरवणार, माझं ऐकून वाढवू नका.

आता बेडपॅन. यातच सगळे चुकतात, पेशंटला उचलून खाली सारायला जातात आणि मग पाठीची कातडी सोलते. उचलायचं नाही, कुशीवर वळवायचं. (खुब्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर कुठल्या कुशीवर चालेल, पायांमध्ये उशी ठेवायची का, हे सर्जनला आधीच विचारून घ्या, आणि अशांना एका बाजूने चपटा असलेला पॅन घ्या.) खाली अंडरपॅड पसरा, स्टीलचा पॅन असेल तर गरम पाण्याने धुवून पुसा, पावसात तो बर्फासारखा लागतो. कुशीवर वळवलं की साध्या पॅनची रुंद कड ढुंगणाला नीट टेकवायची, एका हाताने पॅन गादीत दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने माणसाला परत पाठीवर आणायचं. मग डोक्याकडची बाजू वर करा, कारण आडवं पडून कोणालाच होत नाही, तुम्ही करून बघा. काढतानाही पॅन धरूनच वळवा, नाहीतर चादर गेली. बायकांना पुसताना पुढून मागे, उलटं कधीच नाही. साध्या पाण्याने धुवा, थोपटून कोरडं करा, वर झिंक ऑक्साइडचं क्रीम. डेटॉल नको, पावडरचे थर तर बिलकुल नकोत, घामाने त्याचं पीठ होतं आणि मांडीच्या घडीत चिघळतं.

कॅथेटर (लघवीसाठी आत घातलेली नळी) असेल तर लघवीची पिशवी कायम पोटाच्या पातळीच्या खाली, पलंगाच्या दांड्याला अडकवलेली, जमिनीला टेकलेली नाही. वळवताना पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवायची सवय मोडा, लघवी उलटी जाते. नळी मांडीला टेपने चिकटवा, रोज साबण-पाण्याने मुळाशी धुवा, पुरुषांच्या लिंगाची पुढची कातडी धुण्यासाठी मागे घेतली तर परत पुढे आणायला विसरू नका, नाहीतर सूज येते. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी. लघवी थांबली तर आधी नळी मुडपलीय का, पेशंट तिच्यावर झोपलाय का ते बघा, तसं काही नसेल आणि पोट फुगलं असेल तर हॉस्पिटलला न्या.

संडासचं रोज झालंच पाहिजे हे डोक्यातून काढा. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, सगळं नॉर्मल, माणसाची आधीची सवय बघायची. खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं, म्हणून सकाळच्या चहा-पेजेनंतर वीस-तीस मिनिटांनी बसवा, कमोडवर बसत असेल तर पायाखाली छोटा पाट. लोहाच्या आणि काही दुखण्याच्या गोळ्यांनी संडास खडा होतो. इसबगोल देताय? मग भरपूर पाणी पण द्या, पाण्याशिवाय तेच आत अडकून बसतं. आणि एक फसवणूक: पाच दिवस काही नाही आणि अचानक पातळ पातळ गळायला लागतं. घरचे म्हणतात जुलाब, गोळी देऊन बंद करतात. बऱ्याचदा आत खडा अडकलेला असतो आणि बाजूने पाणी निसटतं. तेव्हा जुलाबाची गोळी नाही, डॉक्टर. एनिमा पण मनाने आणून देऊ नका, म्हाताऱ्यांना आणि किडनीच्या पेशंटला काही एनिमा जड जातात.

थंडी वाजून ताप, लघवीत रक्त, सहा-आठ तास लघवीच नाही, डांबरासारखी काळी चिकट घाण वासाची संडास (लोहाच्या गोळीनेही काळी होते, पण अशी चिकट नाही), पोट फुगून उलट्या, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका, 108 लावा. निघताना मोजमापाची वही बरोबर घ्या, कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न तोच असतो, शेवटची लघवी कधी झाली.