पुडीतला मासा आणि करंजीची मुरड

कागदात भाजलेला मासा म्हटलं की लोक आधी मसाला विचारतात. मसाला कुठलाही चालतो हो. बिघडतं ते पुडी बांधताना, आणि त्याबद्दल कुणी धड बोलत नाही. 'कागद नीट दुमडून घ्या' एवढ्यावर सगळे मोकळे.

मी नवी मुंबईत सीवूड्सला राहतो, मासे जवळच्या दिवाळे गावच्या बाजारातून आणतो. बाकीच्यांनी आपापली कोळीण गाठावी. रावस किंवा जिताडा घ्या आणि मावशींना आधीच सांगा की आडव्या तुकड्या नकोत, काटा काढून उभा काप हवा. काटा आणि डोकं मागून घ्यायला लाजू नका, दुसऱ्या दिवशी कालवण होतं. लहान पापलेट असेल तर अख्खंच, दोन्ही बाजूंना चिरा मारून. बोंबलाच्या वाटेला जाऊ नका, त्याच्या अंगातच इतकं पाणी की पुडीत सार तयार होतं. जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा खाडीतला किंवा तळ्यातला जिताडा मिळाला तर नशीब.

दोघांसाठी दीडशे-दीडशे ग्रॅमचे दोन काप. धुऊन फडक्याने खरोखर कोरडे करा. मूठभर कोथिंबीर, दोन मिरच्या, चार लसूण पाकळ्या, पाव वाटी ओलं खोबरं आणि अर्धं लिंबू यांचं घट्ट वाटण करा. पारशी लोक पात्रानी मच्छीला साधारण हेच लावून केळीच्या पानात गुंडाळतात. मीठ मात्र पुडी बांधायच्या क्षणी, नाहीतर माशाला पाणी सुटतं. खाली कांद्याचे कागदासारखे पातळ काप, वर चमचाभर तेल. बटाटा-गाजर घालायचा सल्ला देणाऱ्याने स्वतः कधी ही पुडी उघडलेली नसावी. पंधरा मिनिटांत बटाटा शिजत नाही.

आता कागद. दुकानात 'बटर पेपर' मागितला की काय हातात पडेल सांगता येत नाही. मी एकदा मिठाईखाली घालतात तसला पातळ कागद वापरला होता. पाच मिनिटांत ओटीजीतून, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनमधून, धूर आणि विझवलेल्या मेणबत्तीसारखा वास. कागदावर नख घासून बघा, नखात मेण आलं तर तो बर्फीसाठी ठेवा. पाकिटावर 'बेकिंग' लिहिलेलं हवं आणि तो किती अंश सोसतो तेही. फॉइलही नको. लिंबाचा आंबटपणा ॲल्युमिनियमला लागतो, आणि फॉइलची पुडी फुगलीय की नाही हेही धड कळत नाही.

आणि इथे माझे तीन-चार रविवार गेले. आधी वाण्यासारखी चौकोनी पुडी बांधली. आत वाफ धरली की ती घडी उचलते, रस ट्रेवर सांडून करपतो आणि आतला मासा चोथा होतो. मग स्टेपलर मारला. पिना गरम होऊन कागद फाटला, आणि एक पिन शेवटपर्यंत सापडली नाही, ते जेवण टाकून दिलं. मग दोरा. दोऱ्याने वरचा भाग आवळला, बाजू उघड्याच. आई ओट्यापाशी उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "अरे, करंजीला मुरड घालतात तशी घाल की."

करंजीची मुरड मला उभ्या आयुष्यात जमलेली नाही. पण कागदाला जमली.

साधारण ४० सेंटिमीटर लांब कागद मधोमध दुमडा. घडीच्या बाजूने पत्त्यांतल्या बदामाचा अर्धा आकार कापा, उघडल्यावर पूर्ण बदाम व्हायला हवा. मासा घडीला लागून एका अर्ध्यावर ठेवा. कडेची चार बोटं जागा कोरडी राहिली पाहिजे, तिथे तेल किंवा वाटण लागलं तर घडी घसरते. दुसरा अर्धा वर आणा आणि बदामाच्या गोल टोकापासून सुरू करा. एक सेंटिमीटरची घडी, नखाने दाबा. पुढची घडी आधीच्या घडीचा अर्धा भाग पोटात घेऊनच पडली पाहिजे. सगळी मेख इथेच आहे. कणीक स्वतःहून चिकटते, कागद चिकटत नाही. त्याला पुढच्या घडीने धरून ठेवावं लागतं. प्रत्येक घडी चमच्याच्या पाठीने घासा. एका पुडीला पंधरा-सोळा घड्या लागतात. खालचं टोक दोनदा पिळून पुडीखाली दाबा. कडेला अंड्याचं पांढरं लावायची गरज नाही, तो निव्वळ फाजीलपणा.

एक चूक राहिलीच. पुडी माशाला आवळून बांधू नका, वर हवेला जागा ठेवा. वाफ तिथेच फिरते.

ओटीजी २०० अंशांवर, ट्रे आत ठेवून पंधरा मिनिटं तापवा. पुड्या तापलेल्या ट्रेवरच ठेवायच्या. दोन सेंटिमीटर जाड काप असेल तर १२ मिनिटं, अख्ख्या पापलेटला १५ ते १८. आठव्या मिनिटाला पुडी पुरीसारखी टम्म व्हायला हवी. नाही झाली तर कुठली तरी घडी सुटलीय, चिमट्याने दाबून बघा, पण पुडी उघडू नका. शेवटी कागदातूनच टूथपिक टोचा, लोण्यात गेल्यासारखी आत गेली की झालं.

पुड्या ताटात तशाच वाढा. ज्याने त्याने आपली पुडी कात्रीने कापायची, तोंड लांब धरून, कारण पहिली वाफ थेट चष्म्यावर येते. तळाशी साचलेल्या हिरव्या रसासाठी आधीच गरम भात वाढून ठेवा. आमच्याकडे त्या दोन चमच्यांवरून भांडणं होतात.