८के टीव्ही आत्ताच घ्यावा का?

नवे तंत्रज्ञान घरी आणण्याआधी त्यावर पाहणार काय, हे आधी ठरवावे. ८के पडद्यावर ७६८० बाय ४३२० बिंदू असतात, म्हणजे ४केच्या चौपट. पण आपल्याकडे मिळणारे बहुतेक चित्रपट आणि मालिका ४के किंवा त्याहून कमी प्रतीच्या असल्यामुळे उरलेले बिंदू टीव्ही स्वतःच अंदाजाने भरतो. शिवाय ५५ इंची पडद्यापासून नऊ-दहा फुटांवर बसणाऱ्याला हा फरक सहसा जाणवत नाही, म्हणून सोफ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर टेपने मोजूनच दुकानात जावे.

टीव्हीच्या मागची जोडणी मला चित्राहूनही महत्त्वाची वाटते. २०१३च्या सुमारास आलेल्या अनेक ४के टीव्हींत एचडीसीपी २.२ ही नक्कल रोखणारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे पुढे आलेल्या ४के ब्लू-रे डिस्क प्लेअरचे चित्र त्यांवर पूर्ण ४केमध्ये दिसू शकले नाही, आणि भरपूर पैसे मोजून सर्वांत आधी टीव्ही घेणारेच नेमके मागे राहिले, याचे मला फार वाईट वाटते.

दोन पद्धतींत चुरस चालू असेल तर थांबावे. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने ब्लू-रेशी स्पर्धा करणाऱ्या एचडी डीव्हीडी या डिस्क पद्धतीतून माघार घेतली आणि ते प्लेअर घेतलेल्यांना नव्या डिस्क मिळेनाशा झाल्या. स्पीकर मात्र लवकर जुने होत नाहीत, तेव्हा चांगले स्पीकर आजही निर्धास्तपणे घ्यावेत.

दुकानात कंपनीची झगमगीत चित्रफीत पाहून भुलू नये. घरी रोज पाहतो तीच मालिका लावायला सांगावी.